मैनेची पिल्लं

"नुसतं बघायचं," गाडीतून उतरताना शिवकन्येनं लेकीला तिसऱ्यांदा बजावलं. "न्यायचं की नाही, ते घरी जाऊन ठरवू."

तिचं खरं तर ठरलेलंच होतं. नांदेडच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. कुत्रं चावलेल्यांना सुई टोचणं हे तिचं रोजचं काम, आणि त्यात निम्मी लेकरंच. घरात सात वर्षांची दामिनी आणि दोन वर्षांचा शिवांश असताना कुत्रं आणायचं, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, संगमेश्वरनं, मात्र महिनाभर लेकीचीच बाजू लावून धरली होती. शेवटी रोजची कटकट नको म्हणून रविवारी सगळे लोह्याजवळच्या शेतात आले, संगमेश्वरच्या आत्याच्या आखाड्यावर, म्हणजे तिच्या शेतातल्या वस्तीवर.

गोठ्याच्या कडेला कडब्यावर मैना पडली होती. तांबूस, सडपातळ गावठी कुत्री. पोटाशी चार पिल्लं लुचत होती. दामिनी समोर मांडी घालून बसली आणि एकदम गप्पच झाली. एरवी तिची बडबड थांबत नसे.

"चारीच्या चारी न्या," नीलम्मा आत्या म्हणाली. "लई गुणाची हाय ह्यांची आई."

"ते बघ ना, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं," संगमेश्वर बायकोला हळूच म्हणाला. "आपल्या शिवांशसारखंच गुबगुबीत आहे."

दामिनीचं तोंड उतरणार नाही असं 'नाही' कसं म्हणायचं, याचीच शिवकन्या मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात कडेवरचा शिवांश चुळबुळ करत खाली घसरला. ती वाकेपर्यंत तो कडब्यावर पोचला, आणि ठिपक्याच्या पिल्लाचा कान मुठीत धरून त्यानं ओढला.

पिल्लू केकाटलं. मैना उठली आणि तिनं शिवांशचं मनगट तोंडात धरलं.

संगमेश्वर झेपावणार, तोच आत्यानं त्याचा दंड पकडला.

"हालू नको, संगू. ओढलंस तर दात लागतेल."

मैना चावली नाही. गुरगुरलीही नाही. नुसती मनगट धरून उभी राहिली, शिवांशच्या तोंडाकडं बघत. शिवांशही तिच्याकडं बघत होता. रडावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. मग हळूहळू त्याची मूठ उघडली. कान सुटला. तसं मैनेनं मनगट सोडलं, पिल्लाला चाटलं, आणि जाता जाता शिवांशचा हातही चाटून घेतला.

शिवकन्येनं लेकराला उचललं ते थेट हौदावर नेलं. साबण मागून घेतला, हात कोपरापर्यंत धुतला. मग उन्हात धरून, दवाखान्यात बघते तसा उलटापालटा करून पाहिला. एक ओरखडा नव्हता.

"हिला सुई दिलीय का, आत्या?"

"हाव. पोळ्याच्या आधी जनावरांचा डॉक्टर आलता, तवा हिलाबी टोचून घेतलं. कार्ड हाय घरात."

संगमेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चला," तो म्हणाला. "माझंच चुकलं. कुत्रंबित्रं काही नको आपल्याला. दामिनी, ऊठ."

दामिनी उठली. हट्ट नाही, रडणं नाही. "मम्मी, ती चावत नव्हती," एवढंच ती म्हणाली. "ती त्याला सांगत होती."

शिवकन्या ते ओलं मनगट धरून तशीच उभी राहिली. ताईचे केस ओढू नको, असं ती शिवांशला रोज ओरडून सांगायची. एकदाही त्याची मूठ अशी आपण होऊन उघडली नव्हती.

"पिल्लं किती दिवसांची झाली?" तिनं विचारलं.

"महिन्याची असतेल."

"मग अजून महिनाभर राहू द्या आईजवळ. काय शिकवायचं ते शिकवून होऊ दे तिचं. मग ठिपक्याचं आम्ही नेतो."

संगमेश्वर बघतच राहिला. "अगं, आत्ता तर हे असं..."

"आत्ता बघितलं म्हणूनच. शिवांशला आणि पिल्लाला कधी एकटं सोडायचं नाही. पिल्लू खात असताना कुणी जवळ जायचं नाही. आणि त्याच्या सुयांच्या तारखा मी सांभाळीन. तुमच्यावर सोडणार नाही."

दामिनीनं धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारली.

आत्या तोंडाला पदर लावून हसू लागली. "पिल्लू ठेवून चाललीस, तर ह्या पोरालाबी ठेवून जा की महिनाभर तिच्यापशी. चांगलं वळण लागंल."

शिवकन्येलाही हसू आलं. तिनं शिवांशला खाली सोडलं आणि त्याच्या अगदी पाठीशी उभी राहिली. तो पुन्हा मैनेकडंच निघाला. दोन पावलं अलीकडं थांबला, आणि आपले दोन्ही हात त्यानं पाठीमागं लपवले.