तिघांसाठी तंबू

"पाण्यापासून किती लांब लावू?" मोरूने विचारलं.

हर्षद पावलं टाकत तळ्यापर्यंत गेला आणि परत आला. नऊ वर्षांची मुलगी धावत सुटली तर एवढं अंतर काहीच नाही. "अजून मागं घेऊ. त्या ऐनाच्या झाडाखाली."

"सकाळपासून ही तिसरी जागा," मोरू म्हणाला. पण त्याने मेखा उचलल्या. "माणसं किती?"

"तिघं. दोन मोठी, एक लहान. माझी मुलगी."

मोरूचा कॅम्प रोह्यापासून तासाभरावर, जंगलाच्या कडेला होता. आठ तंबू, पत्र्याची एक शेड आणि काठाला बांधलेली होडी. महिनाभरात हर्षद तिसऱ्यांदा मोटरसायकलवरून इथे आला होता.

महिन्यापूर्वी प्रणिताचा फोन आला तेव्हा तो नागोठण्याहून पहिली शिफ्ट करून रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आपल्या खोलीवर नुकताच पोचला होता.

"इशिताच्या वर्गातली मुलं तंबूत राहून आलीत," ती म्हणाली. "तिच्या डोक्यात तेच बसलंय. तुझ्या बाजूला आहे का रे काही, तळं, जंगल असं?"

"आहे. मी बघतो सगळं."

"नुसतं नाव सांगितलंस तरी चालेल."

"नाही. मी बघतो."

पुण्यात प्रणिताची नोकरी होती, इशिताची शाळा होती. त्याची कंपनी इथे. खोलीत एक कॉट, एक शेगडी आणि खिडकीत वाळत टाकलेले कंपनीचे कपडे. सुट्टीच्या दिवशी तो पुलावर जाऊन कुंडलिका नदीकडे बघत उभा राहायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. आता सुट्टीला काम मिळालं.

तो प्रणिताला मेसेजवर प्रश्न विचारायचा. इशिताला पोहता येतं का? अंधाराची भीती वाटते का? उत्तरं दुपारच्या जेवणाच्या वेळेला यायची, थोडक्यात. पोहते. दिवा लागतो. डास चावले की पुरळ येतं. तिखट अजिबात नको. हर्षद ते सगळं डायरीत लिहून घ्यायचा आणि झोपण्याआधी एकदा वाचायचा.

बुटाचा नंबर विचारला तेव्हा तिने उलट विचारलं, "बूट कशाला?"

"गवतातून चालायचं तर घोट्याच्या वर येणारे हवेत."

दोन दिवसांनी नंबर आला. रोह्याच्या बाजारात दुकानदार म्हणाला, "पोरीला घेऊन या की. घालून बघू दे."

"पुण्याला असते."

"मग व्हिडिओ कॉल लावा."

हर्षदने एक नंबर मोठा बूट घेतला आणि तो बाहेर पडला.

एका रविवारी दुपारी त्याने फोनच केला. "पोपटी लावायची म्हणतोय. शेंगा चांगल्या भरल्यात आता. तिने कधी खाल्लीय का?"

"नाही," प्रणिता म्हणाली. "पण आवडेल तिला."

"विचारू का तिलाच? देतेस फोन?"

"झोपलीय ती."

मागे कुठेतरी एक मुलगी खळखळून हसत होती. हर्षद ते ऐकत राहिला. "बरं," तो म्हणाला. "मग मोरूला शेंगा सांगून ठेवतो."

आठवडाभर आधी तो एकटाच तंबूत राहून बघून आला. सकाळी तळ्यावर धुकं होतं. मोरू चहा घेऊन आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"झोप लागली का?"

"तंबूची चेन अडकते मधेच. लहान मुलाला उघडायची नाय."

"बदलतो." मोरूने चहा फुंकला. "पाच वर्षं हे चालवतोय. येणारे गाणी वाजवू का, एवढंच इचारतात. तुम्ही चेन बघताय."

मोरूशी बोलताना हर्षदची भाषा आपोआप त्याच्या गावची, निडीची व्हायची. "लय दिवस बघितलं नाय मी तिला," तो म्हणाला.

"शिफ्टमुळं?"

"व्हय."

"मग या टायमाला पोरीला कडेवरनं उतरवूच नका."

"नऊ वर्षांची हाय ती."

"तरी पण."

हर्षद हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण चेहरा त्याचा त्यालाच वेगळा वाटला.

शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून त्याने लागोपाठ दोन डबल शिफ्ट केल्या. त्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो नऊलाच कॅम्पवर हजर झाला. तंबूत तीन अंथरुणं घातली. मधल्या अंथरुणावर मच्छरदाणी लावली. बूट दाराशी जोडून ठेवले, मग आत ठेवले, मग पुन्हा दाराशी. मोरूने पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवला आणि शेंगा भरल्या. हर्षदने दोनदा बजावलं, मिरची नको.

अकराच्या सुमारास प्रणिताचा मेसेज आला. कोलाड सोडलं.

"वर रस्त्याला जाऊन थांबा की," मोरू म्हणाला. "गाड्या तिथंच लागतात."

"नको. हितंच बरा हाय."

बऱ्याच वेळाने वर गाडीचं दार वाजलं. मग पायवाटेवर वाळलेली पानं चुरडत कुणीतरी धावत येऊ लागलं. झाडांतून आधी पिवळा टी-शर्ट दिसला, मग ती. केस कापले होते. त्याने मनात धरली होती त्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. बरीच मागे प्रणिता बॅग घेऊन उतरत होती. त्याला बघून ती वाटेतच थांबली.

मोरूने त्याला हलकेच ढकललं. "जा की."

हर्षद दोन पावलं पुढे गेला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

इशिता थेट त्याच्यासमोर येऊन थांबली. धापा टाकत तिने आठही तंबूंवरून नजर फिरवली आणि मग मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"काका, आमचा तंबू कुठला?" तिने विचारलं. "बाबा गाडी लावून येतोय."