विषावरचं पान

दूधवाला उजवा हात डाव्या हातात धरून अंगणात आला आणि धपकन ओट्यावर बसला.

"मावशी, साप चावला. चाऱ्याची पेंढी ओढत होतो. पाला द्या लवकर."

मनगटाच्या वर दात लागल्याच्या खुणा होत्या आणि बोटं फुगायला लागली होती. मावशी शेळ्यांना चारा घालत होती, ती हात झटकून उठली. माणूस असो की जनावर, वस्तीत कुणाचं काही दुखलं की पाय तिच्याच दाराकडे वळायचे.

"माझ्याकडे सापाचं औषध नाही बाबा. दवाखान्यात चल."

"नाही कसं? पायाला विळा लागला तेव्हा दगडी पाला चोळून रक्त तुम्हीच थांबवलंत. बायकोचा खोकला अडुळशाने गेला. रेडकाची हगवण कुणी थांबवली? मी इथून हलणार नाही. दवाखान्यात माणूस आडवा जातो आणि आडवाच परत येतो."

मावशीने वाद घालायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. समजूत काढत बसलं तर हा इथेच संपेल, आणि तोही तिच्यावरच्या विश्वासापायी.

"बरं, देते," ती म्हणाली.

भिंतीमागे टाकळा माजला होता. शेळ्यासुद्धा त्या तणाला नाक मुरडायच्या. तिने त्यातलीच एक डहाळी खुडली आणि चेहरा गंभीर करून परत आली. आधी त्याच्या बोटातली अंगठी काढली. हाताखाली फळी ठेवून ती फडक्याने सैलसर बांधली. मग डहाळी त्याच्या डाव्या मुठीत दिली.

"ही घट्ट धरायची. पाऊल जमिनीला लावायचं नाही, हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. नाहीतर पाल्याचा गुण जातो. आणि डॉक्टरांच्या सुईशिवाय हा पाला लागू पडत नाही. दोन्ही मिळूनच."

"मग आधीच नाही का सांगायचं?"

"तू बोलू दिलंस तर ना. आता तोंड बंद."

सुनेने टेम्पो काढला. शेजाऱ्यांनी त्याला उचलून मागे निजवलं, मावशी उशाशी बसली. रस्ता कसला, खड्ड्यांची माळच ती. पण एरवी घडाघडा बोलणारा तो गडी मूठ आवळून मुकाट पडून राहिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुई टोचायला घेतली तरी त्याची मूठ सुटेना.

तो वाचला. हाताला पट्टी बांधून घरी आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "मावशीच्या पानाने विष उतरलं." सुईचं नाव कुठेच नाही. मावशीने ऐकलं आणि हसून सोडून दिलं. माणूस जिवंत आहे, बोलू दे काय बोलायचं ते.

मग एक दिवस खालच्या गल्लीतली शिंपीण आली. "मावशी, ते विषावरचं पान मलाही द्या. यांना रोज गवत कापायला जावं लागतं. पान घरात असलं म्हणजे एवढ्या लांब दवाखान्यात धावायला नको."

मावशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध संकलन केंद्रावर गेली. किटल्या घेऊन रांग लागली होती. रांगेत दूधवालाही होता, पट्टीचा हात गळ्यात अडकवलेला. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "याच्या मुठीत टाकळा होता. शेळी खात नाही तो. विष सुईने उतरलं. साप चावला तर माझ्याकडे कुणी यायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. दूधवाल्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मला वेडा बनवलंत?"

"बनवला. शहाणा राहिला असतास तर आज या रांगेत नसतास."

तो डाव्या हाताने किटली उचलून निघून गेला.

त्यानंतर मावशीच्या दारात शुकशुकाट झाला. जो तो टाकळ्याची गोष्ट चघळत होता. सून एकदा म्हणाली, "आई, उगीच सांगितलंत. सगळं नाव गेलं."

"नाव गेलं तर जाऊ दे," मावशी म्हणाली. "कुणाचा जीव जाण्यापेक्षा बरं." आणि तिने शेळीची धार काढायला घेतली.

आठवडी बाजाराच्या दिवशी फाटक वाजलं. दूधवाला उभा होता, दोरीला एक लंगडणारी शेळी. तो आत आला नाही आणि मावशीकडे बघतही नव्हता.

"दगडावरून घसरली," तो फाटकाला सांगितल्यासारखं बोलला. "गुडघा सुजलाय."

मावशीने शेळीला पायांत धरलं आणि गुडघा हळूहळू दाबत चाचपला. हाड शाबूत होतं. ती परसात जाऊन निरगुडीचा पाला घेऊन आली, तव्यावर गरम केला, फडक्यात बांधला आणि शेक द्यायला बसली. शेळीने आधी अंग चोरलं, मग पाय तिच्या मांडीवर सैल सोडला.

दूधवाला आता आत येऊन उकिडवा बसला होता. बराच वेळ त्या पाल्याकडे बघत राहिला.

"मावशी, हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे," मावशी पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवत म्हणाली. "गुडघ्यापुरतं."