उतारावरचं स्टिअरिंग

"हाताला जोरच नाही तुमच्या, ताई," असं म्हणत मिस्त्री हसत हसत त्या छोट्या गाडीत बसला. शाळेजवळच्या उतारावर स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं होतं, ही ताईंची महिन्यातली तिसरी तक्रार होती. "दोनदा स्टिअरिंगची मोटर बदलली. आता काय माझं डोकं बदलू?"

"आधी चालवून तर बघा," शेजारी बसत ताई म्हणाल्या.

शाळा नुकतीच सुटली होती. उतार लागला आणि स्टिअरिंग खरंच आवळलं. मिस्त्रीने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगच्या मोटरचा फ्यूजच उपसून काढला. आता वळवायचं ते निव्वळ मनगटाच्या बळावर.

पण त्याच्या तळव्यांखालून स्टिअरिंग आपणहून डावीकडे फिरलं, पाण्यावर पान फिरावं इतकं हलकं.

डावीकडच्या फुटपाथवरून त्याची लेक येत होती, पाठीवर दप्तर, एका वेणीची रिबीन सुटलेली.

तिने रस्ता ओलांडला. ती जाईल तसं स्टिअरिंग उजवीकडे वळत गेलं. मिस्त्रीने सगळं अंग त्यावर टाकलं, पण ते तसूभर अडलं नाही.

"बाबा!" लेकीने गाडी ओळखली आणि ती समोरून उतार चढत धावत सुटली. स्टिअरिंग सरळ झालं, थांबलं.

"मिस्त्री," हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरत ताई पुटपुटल्या, "ब्रेकवरचा पाय काढू नका हं."

त्याने काढला नव्हताच. दोन्ही पाय रोवून तो ब्रेकवर जवळजवळ उभाच होता, आणि खालून कुणीतरी ते पाय सावकाश वर उचलत होतं.