कोरा

“वाद्याचं नाव कोरा ना? मग त्याला रंगव की! तोंडावर पांढरे पट्टे ओढ, कमरेला पानं बांध, वाजवणारा आफ्रिकन दिसला पायजे!” रोह्याच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष मांडवात खेकसला. जोहे गावच्या मूर्ती कारखान्यात गणपतीचे डोळे आखणाऱ्या मितेशचं टाळकं सटकलं. “गांबियाचा हाय तो, शेट. अजून किती आफ्रिकन दिसायचा?” कार्यक्रमाला आणलेला त्याचा मित्र, जीन्समधला लामिन, भोपळ्याच्या कोराच्या तारा जुळवत होता. बापजाद्यांच्या त्या वाद्यावर तो मितेशच्या आईकडून शिकलेला लग्नातला धवला वाजवायचा, पायाखालच्या मशीनवर ठेका लावून. “मशीन काढ. पब्लिकला परंपरा पायजे!” अध्यक्षाच्या पाठीमागं डीजे दणाणत होता. लामिननं विचारलं, “काय म्हणतायत?” मितेशला सांगायची लाज वाटली. “रंगवतोस, का पुढच्या वर्षी मूर्ती तुमच्याकडून न घेता हमरापूरची आणू?” मितेशनं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून अध्यक्षाच्याच हातात कोंबला. “कोरे तुमीच, शेट. डोळे आखायचे राह्यलेत तुमचे. आमी निघतो आता.”