पोटातली माती

हाइशाननं मूर्तीच्या तळपायाला भोक पाडून आत पाण्याचा पाइप सोडला. महिनाभर खपून त्यानं मातीत आपली गेलेली आई घडवली होती, वर लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर चढवले होते. आता आतली माती विरघळून गटारात गेली, की नुसतं कवच उरणार होतं. चीनमधल्या फूचौ शहराची ही जुनी रीत. पोकळीत दिवा लावायची कल्पना मात्र त्याची. शांघायच्या कलादालनाला तेच तर हवं होतं.

मूर्ती रिती झाली. दिवा लागला तसा आईचा चेहरा मधासारखा उजळला. तेवढ्यात गावाहून बाबा आले. जन्मभर देवळांसाठी मातीचे देव घडवलेला हात त्यांनी मूर्तीच्या पोटावरून फिरवला.

“देवाच्या पोटात आपण काहीतरी पवित्र ठेवतो ना,” ते हळूच म्हणाले, “मागल्या खेपेला मी आलो तेव्हा माती ओली होती, तू बाहेर गेला होतास. तिची राख आत भरली मी. सगळी.”

हाइशानची नजर गटाराकडे गेली. फरशीवरचं शेवटचं गढूळ पाणी तिकडे चाललं होतं.

“तो दिवा तेवढा बंद कर,” बाबा म्हणाले. “उजेडात तिला झोप येत नाही.”