ऐंशी टक्के

ऑफिसच्या कामासाठी ग्लासगोला आला की नॉटिंगहॅमला परतण्याआधी अनिश वीणामावशीकडे डोकावायचा. कोपऱ्यावरच्या फास्ट चार्जरला गाडी लावायची, मावशीकडे चहा घ्यायचा आणि फोनवर ऐंशी टक्के दिसले की अर्धा कप तसाच टाकून पळायचं, हे ठरलेलं.

मागच्या खेपेला मावशीने चार्जिंगची भारीच चौकशी केली. "थंडीत हळू होतं का रे? आणि ऐंशीच्या पुढे?" अनिशनेही हौसेने सगळं समजावलं. गारठलेली बॅटरी वेळ खाते, ऐंशीनंतर स्पीड पडतो आणि घरच्या चार्जरवर तर अख्खी रात्र जाते. मावशी मन लावून ऐकत होती. तिला खरं तर गाडी चालवताही येत नव्हती.

या खेपेला संध्याकाळी येऊन बघतो तर काय, मावशीच्या दाराशेजारी भिंतीवर नवाकोरा चार्जर! अनिशने खूश होऊन गाडी लावली, फोन बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगं मावशी, हा फारच स्लो आहे. सकाळ उजाडेल याने!"

 

"म्हणून तर हाच बसवून घेतला," पातेल्यावर झाकण ठेवत मावशी म्हणाली. "उद्याच्या आंबोळ्यांचं पीठ आंबवत ठेवलंय."