शूटिंग गुरुवारीच

माल्सूनबाईंनी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं, शूटिंग गुरुवारीच. रविवार चालणार नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा थेग्यू उल्सानहून म्हणत होता की सुट्टी रविवारी असते. त्यावर आईचं उत्तर तयार होतं. केंद्राचा कॅमेरा गुरुवारी मिळतोय, रविवारी तो काय तुझी वाट बघत बसणार आहे?

त्यांच्या तोंगयोंग गावच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात म्हणे सिनेमाचा वर्ग निघाला होता. प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म करायची. माल्सूनबाईंची गोष्ट साधी होती. नवरा गेलाय, मुलगा रुसून शहरात बसलाय. एक दिवस तो घरी येतो, बापाच्या फोटोपुढे वाकतो, मग मायलेक एकत्र जेवतात. मुलाच्या कामाला थेग्यूच हवा होता, कारण गल्लीतल्या बाकीच्या पुरुषांनी सत्तरी ओलांडली होती.

थेग्यू तीन वर्षांत घरी फिरकला नव्हता. बाप होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलाने दुकान चालवायला नकार दिला, तेव्हा दोघांचं बोलणं तुटलं ते बाप जाईपर्यंत जुळलंच नाही. अंत्यविधीला काका सगळ्यांदेखत म्हणाला, आता कशाला आलास? थेग्यूने तिथल्या तिथे सांगून टाकलं की त्या फोटोसमोर मी पुन्हा उभा राहणार नाही. तेव्हापासून मायलेक फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत. उल्सानला पाऊस आहे का, हे विचारून विचारून माल्सूनबाई कंटाळल्या होत्या. पोराने एकदा उंबरा ओलांडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मग ते सिनेमाच्या निमित्ताने का होईना.

गुरुवारी दुपारी तो आला, काळा सूट घालून.

"सूट घाल असं कुठे म्हटलं होतं मी?" आईने विचारलं.

"हिरो आहे ना मी."

घरभर तळणीचा वास सुटला होता. मासा, भजी, पालेभाज्या, पांढरा भात, नासपती, सगळं खरंखुरं. सिनेमात वास कुणाला येतो, असं थेग्यू म्हणाला. प्रेक्षक मूर्ख नसतात, असं आईने ऐकवलं. अंगणातली कपड्यांची दोरी त्यांनी सोडून ठेवली होती, कारण ती म्हणे शॉटमध्ये येते. पुढचं दार सताड उघडं होतं, उजेडासाठी.

चौरंगावर बापाचा फोटो बघून थेग्यू थबकला.

"हे काय? बाबांचाच फोटो?"

"मग परक्या माणसाचा लावू? गावात बोभाटा होईल माझा."

शेजारच्या बोंग्नेबाई कॅमेरा स्टँडवर चढवून उभ्या होत्या, गालात सुक्या माशाचा तुकडा. थेग्यूने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्याला ठसका लागला. आईने पाणी दिलं आणि वर चेष्टाही केली की हिरोला आत्ताच घाम फुटला.

ताटातले चेस्टनट, ती कडक सालीची फळं, सोलायचे राहिले होते. थेग्यूने न सांगता सुरी घेतली आणि एकेक फळ सहा सपाट बाजूंचं करून ताटलीत रचत गेला. बापाने शिकवलेला हात होता तो, विसरला नव्हता. माल्सूनबाई माशाचं तोंड उगाचच पूर्वेला फिरवत राहिल्या.

उन्हं कलली तशी बोंग्नेबाई "ॲक्शन" म्हणाल्या.

थेग्यूने गुडघे टेकून पेल्यात तांदळाची दारू ओतली, उदबत्तीच्या धुरावरून फिरवली, पुढे ठेवली. मग ठरलेलं वाक्य म्हणाला, "बाबा, मला उशीर झाला." बोंग्नेबाईंनी नाक मुरडलं. स्टेशनमास्तर बोलतोय असं वाटतं म्हणाल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

तिसऱ्या खेपेला त्याने पेला आणखी थोडा फोटोजवळ सरकवला. मग कपाळ जमिनीला टेकवून म्हणाला, "बाबा, तुमच्या दुकानाची मला लाज वाटत नव्हती. तुमच्यासारखं जमणार नाही याची भीती वाटत होती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

हे संहितेत नव्हतं. पुढचं वाक्य माल्सूनबाईंचं होतं, पण त्यांना ते काही केल्या आठवेना. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बोंग्नेबाईही "कट" म्हणायच्या विसरल्या.

शेवटी त्यांनीच नाक पुसून जाहीर केलं की आता रिकाम्या खोलीचा शॉट आहे, सगळे बाहेर चला. तिघंही ओसरीवर येऊन बसली. चौरंगावर गरम भात, त्यात बापासाठी उभा खोचलेला चमचा, आणि आत कुणी नाही. नऊ घास खाऊन होतील एवढा वेळ गेला असेल. मग थेग्यू उठला, दाराशी जाऊन आत कुणी जेवत असल्यासारखा तीनदा खाकरला आणि आत शिरला. खाकरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण माल्सूनबाईंना वाटलं, घसा बसला असेल रडून.

नंतर सगळी भाजी भातात कालवून तिघं जेवली. थेग्यूने तीन वाडगे रिचवले. आईने वाढता वाढता तीन वर्षांच्या शिव्या एका बैठकीत देऊन घेतल्या, आणि त्याने त्याही खाल्ल्या. बोंग्नेबाई म्हणाल्या, या फिल्मला बक्षीस नाही मिळालं तर नाव बदलीन.

सकाळी माल्सूनबाई त्याला बसपर्यंत सोडायला गेल्या. पिशवीत उरलेली भजी होती, वर नासपती. आपली युक्ती पार पडली म्हणून त्यांची पावलं हलकी पडत होती. निकाल लागला की कळवीन, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

थेग्यू पायरीवर चढला आणि वळला.

"आई, पुढच्या वर्षी बाबांची तिथी कालच्यापेक्षा अकरा दिवस आधी येतेय, मी पंचांग बघून रजा टाकलीय," तो म्हणाला. "तेवढं बोंग्नेमावशींना सांग, त्या वेळी तरी कॅमेऱ्याचं झाकण काढा."